तोरणाखालचा सहाचाकी

पोळ्याच्या दिवशी घनश्यामचा ट्रक तोरणाखाली बसला. इंजिन जाम झालं, बॉनेटवर चोळलेली हळद करपली, आणि मानाचा ट्रक पुढची दोन चाकं तोरणाच्या आत, मागची चार बाहेर, असा आखरावर, म्हणजे गुरं जमायच्या गावच्या मैदानावर, कायमचा थांबला. त्याच्या मागं गावातले झाडून सगळे बैल उभे होते.

असं काही झालेलं नाही. तंटामुक्त समितीनं तसा ठरावच घेतला आहे. त्यावर सह्या आहेत, आणि ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे आहेत. तेव्हा जे झालं तेवढंच सांगायचं.

झालं ते असं. आखाडात चिखल्याच्या खाणीच्या बाजूच्या एका ठेकेदारानं मॅगनीज उचलायचा रस्ता बदलला. आधी गाड्या सपाटीवरून निघायच्या. आता ढिगापासून वर सडकेपर्यंत मुरमाचा चढ आला. पावसानं त्या मुरमाचा शिरा झाला. नव्या गाड्या त्यातून गुरगुरत वर जायच्या. घनश्यामचा ट्रक जुना, पुढं नाक असलेला सहाचाकी. तो अर्ध्यापर्यंत जायचा आणि तिथं विचारात पडायचा.

त्या दिवशी तो पडला तो पडलाच. क्लचचा जळका वास कॅबिनमध्ये भरला. घनश्यामनं हँडब्रेक ओढला, पायानं ब्रेक दाबून धरला आणि खिडकीतून ओरडला, "ठोकळा लावा रे कोनी!"

कोणी लावला नाही. मागं रांगेत हॉर्न वाजत होते. शेवटी ट्रक मागं सरकत जाऊन चढाच्या भिंतीला टेकला. थांबला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ठेकेदाराचा सुपरवायझर चंद्रकुमार छत्री घेऊन आला. "घनश्यामभाऊ, हा ट्रक आहे का बाळंतीन आहे?"

"पावसानं होऊन राहिलं, साहेब."

"पाऊस सगळ्याईलेच आहे. अर्धा माल उतरवा."

घनश्यामनं फावडं घेतलं. भरलेला ट्रक पावसात एकट्यानं रिकामा करायचा म्हणजे पाठीला आपलं वय कळतं. खाली गाड्यांचे ड्रायव्हर बिड्या ओढत बघत होते. ओलं मॅगनीज घमेल्यातून छातीवर ओघळत होतं. बनियनचा रंग गेला, मग पोटाचा गेला. निम्मा माल उतरला तरी ट्रक हलला नाही. तेव्हा रांगेतून एक कोरा बाराचाकी बाहेर आला. त्यात घनश्यामचा साळा भुपेंद्र बसला होता, डोळ्यावर गॉगल, पावसात.

"जिजाजी, तुमी निस्तं स्टेअरिंग धरा. बाकी मी पाहतो."

साखळी लागली. साळ्यानं भावजीला चढावर ओढून नेलं. वर पोचल्यावर भुपेंद्र खाली उतरला, साखळी गुंडाळताना मायेनं म्हणाला, "इकून टाका हे भंगार. माह्या गाडीवर ड्रायव्हर पायजेच आहे. बाहेरचा मानूस डिझेल चोरते. घरचा मानूस बरा."

चंद्रकुमारनं वर येऊन नियम सांगितला. "आता यापुढं एका दमात चढला तंच तुमचा नंबर राहील. परत अटकला का कटला. खाडा बी नाही चालत. सुट्टी फक्त पोळ्याची."

"पोळ्याची काहून?"

"पोळ्याले हमालच येत नाही, तं मी काय करू."

घरी रुखमिणी परातीत भात काढत होती. भावानं दिलेल्या नोकरीची बातमी ऐकून तिचा हात थांबला.

"माह्या भावाच्या गाडीवर ड्रायव्हर?" ती म्हणाली. "मंग राखीले मी त्याले ओवाळू का तुमचा पगार मागू?"

"मी हो नाही म्हटलं."

"नाही बी नाही म्हटलं तुमी. मी ओळखतो तुमाले."

ओसरीवर तिचे सासरे भय्याजी बसले होते. गावात पोळ्याचा पहिला मान त्यांच्या घरचा. तोरणाखालून आधी त्यांची जोडी जाणार, मग गाव. जोडी विकून ट्रक घेतला तेव्हा गावानं आठवडाभर वाद घातला आणि शेवटी मान ट्रकाला दिला, कारण जोडीच्या जागी जे आलं ते जोडीच. तेव्हापासून भय्याजी ट्रकाला 'तो' म्हणत आणि त्याच्यापुढं पाय पसरून बसत नसत.

"त्याले ओढत आनलं म्हनतेत," भय्याजी म्हणाले. "लोकाच्या साखळीनं."

घनश्याम जेवला नाही.

कारध्याच्या पुलाजवळ नत्थू पंपवाल्याचं दुकान आहे. पंपवाला म्हणजे डिझेल इंजिनाचा पंप आणि नोझल सुधारणारा. नत्थूनं सगळं ऐकून घेतलं आणि कान खाजवत म्हणाला, "मोठे नोझल टाकता येते. ताकद मिळते. पन कुठून मिळते थे इचारा."

"कुठून?"

"इंजिनच्या आयुष्यातून. भोक मोठं, डिझेल जास्त. हवा तेवढीच. जेवढं जळलं तेवढी ताकद. नाही जळलं थो धूर. आन जे उशिरा जळलं थे पिस्टनच्या डोक्यावर."

"मंग हवा बी वाढव ना."

"त्याले टर्बो लागते. तुमच्या गाडीले टर्बो लावनं म्हनजे भय्याजीले जीन्स घालनं."

नत्थूनं तीन नट टेबलावर ठेवले. "ही ताकद, हे अॅव्हरेज, हे इंजिन. सपाट रस्त्याच्या मानसाले मी म्हनतो, दोन उचल. तुमच्या चढावर एकच उचलता येते."

घनश्यामनं पहिला उचलला.

"घरी इचारून या एकदा."

"घरूनच इचारून आलो," घनश्याम खोटं बोलला.

संध्याकाळपर्यंत नोझल बसले. नत्थूनं जुने फडक्यात बांधून दिले आणि जाताना खिडकीत डोकं घालून म्हणाला, "गरमीच्या काट्यावर डोळा ठेवजा. चढून झालं का लगेच बंद नका करू, जरासा धुकधुकू द्या. आन जुने फेकू नका. अक्कल आली तं कामी पडतील."

दुसऱ्या दिवशी ट्रक चढला. पूर्ण माल भरून, एका दमात, पहिला गिअरही न मागता. मागं इतका काळा धूर सुटला की रांगेतल्या ड्रायव्हरांनी दिवे लावले. धुरातून चंद्रकुमार बाहेर आला तेव्हा छत्री सोडून त्याचं काहीच ओळखू येत नव्हतं.

"शाबास," तो खोकत म्हणाला. भुपेंद्रनं गॉगल काढला, पुसला, परत घातला.

घनश्यामला बरेच दिवसांनी भूक लागली.

धुराची गावाला सवय झाली. रुखमिणीचे कपडे दांडीवर वाळताना रंग बदलायचे, म्हणून तिनं ते आधीच काळे घ्यायला सुरुवात केली. ट्रक ज्या बांधावरून जायचा तिथले बगळे काही दिवस कावळ्यांत बसले. ग्रामपंचायतीचं मच्छर मारायचं यंत्र बिघडलेलं होतं, तेव्हा तंटामुक्तीचा अध्यक्ष टिकाराम स्वतः घरी आला.

"घनश्याम, रोज संध्याकाळी गावातून एक चक्कर मारजो बा. जनतेचं काम आहे."

घनश्यामनं मारली. मच्छर शेजारच्या गावाला गेले. शेजारच्या गावानं तक्रार केली. टिकारामनं ती फाइलला लावली.

पण काटा चढत होता. पहिल्या आठवड्यात तो चढावर मध्यापर्यंत जायचा, मग तांबड्याच्या काठाला लागायला लागला. घनश्यामनं बॉनेटखाली वीट ठेवून ते अर्धं उघडं केलं. रुखमिणी पाण्याच्या कॅन घेऊन सोबत येऊ लागली. तिचं काम काट्याकडं बघणं आणि वर पोचल्यावर रेडिएटरमध्ये बोडीचं, गावच्या तळ्याचं, पाणी ओतणं. एकदा झाकण फिरवताच आतून वाफ उसळली आणि तिचं डावं मनगट भाजलं. ती ओरडली नाही. रांगेत भुपेंद्र बघत होता. तिनं पदराखाली हात घेतला, दुसऱ्या हातानं पाणी ओतलं, आणि गाडीत बसल्यावर मग रडली.

डिझेल पाण्यासारखं जात होतं. क्लच घसरायला लागला होता, कारण इंजिन ज्या जोरानं ढकलत होतं तो जोर त्याच्या बापजन्मी ठरलेला नव्हता. आणि इंजिनातलं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत होतं. रुखमिणीला ती बरकत वाटली. घनश्यामनं पट्टी ओढून वास घेतला. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपून ऑइलात मिसळत होतं.

"जुने टाका ना परत," रुखमिणी म्हणाली. नोझलचं गाठोडं सीटखाली तिच्या टाचेला लागत होतं.

"जुने टाकले तं चढ चढत नाही."

"आन नाही टाकले तं?"

"तं इंजिन राहात नाही."

"मंग आपन कोनत्या बाजूनं मरून राहिलो?"

घनश्यामनं विचार केला. "सध्या तं चढाच्या."

तिनं मनगटावरची हळद उकरली. "पोळ्यापर्यंत काढा कसंही. त्या दिवशी उभाच राहते ना थो. रातच्याले नत्थूले बोलवून अर्धे मोठे, अर्धे जुने असं काही बसते का पाहा."

"तसं नाही होत."

"तुमी कधी इचारलं का?"

घनश्यामनं विचारलं नव्हतं. पोळ्याच्या रात्री विचारायचं, असं ठरलं. पोळ्यापर्यंत दोघंही काट्याशी हळू आवाजात बोलू लागले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. जुवाखाली वर्षभर घासलेल्या खांद्यावर लोणी-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. भय्याजींनी तूप कोमट केलं, हळद कालवली आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या पानानं चोळायला घेतलं. धातू अजून गरम होता. त्यांनी हात मागं घेतला.

"घनश्याम, याले ताप आहे."

"काम करून आला, बाबा."

"कामानं आलेला ताप वेगळा राहते. मी बैल राखले आहेत." त्यांनी ट्रकाच्या नाकाजवळ वाकून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग मुलाकडं बघितलं. "काही चारलं का तू त्याले?"

घनश्याम म्हणाला, "नाही."

सकाळी ट्रक बोडीवर धुतला. दारात पळसाच्या फांद्यांचे मेढे लागले. रुखमिणीनं बॉनेटची पूजा केली, पुरणाची पोळी वायपरवर ठेवली. दुपार उतरल्यावर भय्याजींनी पेटीतून झूल काढली. त्यांच्या शेवटच्या जोडीची, लाल मखमलीची, आरसे लावलेली. बैलाच्या पाठीवर टाकतात ती; पण ट्रकाची पाठ म्हणजे डाला, आणि डाल्यात मॅगनीज भरतात, तिथं झूल कशी टाकायची? भय्याजींनी ती नाकावर टाकली आणि सुतळीनं दोन्ही हेडलाइटना बांधली. बॉनेट झाकलं, पुढची जाळी झाकली. वीट काढून ठेवली, कारण मानाच्या जनावरानं तोंड उघडं ठेवून तोरणाला जायचं नसतं.

"बाबा, जाळी मोकळी ठेवा. हवा लागते."

"वर्षातून एक दिवस त्याले सजवतो, तं तुले हवा सुचते?"

आखर घरापासून हाकेवर होता. घनश्यामनं मनात हिशोब केला: दोन वळणं, तोरण, परत. एवढ्यात काही होत नाही. सेल्फ कधीचाच गेलेला होता, म्हणून ट्रक उतारावरून सोडून चालू केला आणि बंद करायचा नाही असं ठरवलं. आखर सपाट. तिथं बंद पडला तर चालू व्हायचा नाही.

आखरावर दोन बांबूंवर आंब्याच्या पानांचं तोरण होतं. मागं बैल लागले, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा. ट्रक पुढं. पोरं ओरडली, "मार ना गा एक्सिलेटर!" घनश्यामनं नको म्हणून मान हलवली, पण पाय थोडा दबला. काळा ढग मागं गेला आणि पहिल्या रांगेतले पांढरे बैल जरा वेळानं करडे बाहेर आले.

टिकाराम माइक घेऊन झडत्या म्हणायला उभा राहिला. झडत्या संपल्याशिवाय तोरणाखालून कोणी जात नाही. दरवर्षी तो थोडक्यात आटपायचा. या वर्षी समोर निवडणूक होती.

"सहा चाकाचा नंदी आला, पोटात त्याच्या तेल,
शेपटीतून धूर सोडते, मच्छर झाले फेल!
हर हर महादेव!"

गाव हसलं. टिकारामला बरं वाटलं. त्यानं खिशातून दुसरा कागद काढला.

काटा मध्यावर होता. रुखमिणी बायांमध्ये उभी होती. तिला काचेतून फक्त नवऱ्याचा चेहरा दिसत होता आणि तो बघून काटा कुठं आहे ते तिला कळत होतं. तिसऱ्या झडतीला काटा तांबड्याला लागला. घनश्याम खिडकीतून वाकून म्हणाला, "बाबा, झूल काढा. लवकर."

भय्याजी पुढं नाकाशी कासरा धरल्यासारखे सुतळीचं टोक धरून उभे होते. "तोरन पार झाल्याशिवाय झूल उतरवत नाही."

"जळून राहिलं आतून!"

"काय?"

टिकारामची चौथी झडती भारनियमनावर होती.

घनश्याम दार उघडून खाली उतरला. झुलीला हात घातला. भय्याजींनी काठी त्याच्या हातावर ठेवली; मारली नाही, नुसती ठेवली.

"लोक पाहून राहिले," ते हळूच म्हणाले.

लोक बघत होते. भुपेंद्रही होता, बहिणीकडं पोळ्याच्या जेवणाला आलेला. त्यानं मोबाइल वर धरला होता. घनश्यामनं हात काढून घेतला आणि परत वर चढला. रुखमिणीनं डोळे मिटले.

टिकारामनं शेवटचं "हर हर महादेव" म्हटलं तेव्हा घनश्यामनं पहिला गिअर टाकला. ट्रक पुढं सरकला. आखराच्या चिखलानं चाकं धरली. त्यानं पाय दाबला, मोठ्या नोझलनी जेवढं होतं तेवढं ओतलं. पुढची चाकं तोरणाखालून गेली. मग आवाज बदलला. आधी कोणी आतून दार ठोठावल्यासारखा, मग दात खाल्ल्यासारखा, मग काहीच नाही. झुलीच्या आरशांमागून वाफ निघाली. आंब्याची पानं सुकली. घनश्यामनं गिअर काढायचा प्रयत्न केला. क्लच चिकटला होता, गिअर निघेना. मागची चाकं हळूहळू चिखलात बसली, एखादं दमलेलं जनावर बसतं तशी.

बाया थांबल्या. बैल थांबले. एका बैलानं शेण टाकलं.

नत्थू रात्रीच आला, ठरल्याप्रमाणं. त्यानं बॅटरी मारून पाहिलं आणि सकाळी हेड उघडलं. एक पिस्टन गुळाच्या ढेपीसारखा वरून वितळला होता. भय्याजींनी विचारलं, "झुलीनं झालं का, बा?"

"झुलीनं नाही. थो चढावर रोजच थोडा थोडा मरत होता. झुलीनं निस्तं लोकाईसमोर आनलं."

भय्याजींनी घनश्यामकडं बघितलं. मग ते ट्रकाच्या कॅबिनमध्ये चढले आणि बसून राहिले.

मग अडचणी सुरू झाल्या. मागचे बैल तोरणाखालून गेले नव्हते, म्हणजे पोळा झाला नव्हता. पोळा झाला नव्हता, म्हणजे बैलांना कामाला लावता येत नव्हतं. तेव्हा ट्रक ओढायला बैल नव्हते. मागं ढकलावा तर मानाचं जनावर तोरणातून उलटं फिरलं असं होईल, आणि सगळं वर्ष उलटं जाईल. माणसांनी पुढं ढकलून पाहिला. गिअरमधला ट्रक चिखलात आणखी खोल गेला.

"माही गाडी आहे," भुपेंद्र म्हणाला. "साखळी आहे."

"तू ओढला तं मान कोनाचा?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "जो आधी पार, त्याचा मान. मान तुमच्या गावाले जाईल."

गावानं एकमतानं साखळीला नकार दिला. दुसऱ्या दिवशी मारबत निघते, गावाची रोगराई ओरडून घालवतात. पोळाच संपला नव्हता म्हणून ती निघेना. गुराख्यानं मात्र पोळ्याचा बोजारा, म्हणजे बैलजोडीमागची बक्षिसी, दुसऱ्यांदा मागितला, पोळा चालूच आहे म्हणून.

संध्याकाळी टिकारामनं समिती बसवली. शेजारी दुसरं तोरण बांधायचं, बैल तिथून काढायचे, आणि ठरावात लिहायचं की मानाचा ट्रक परंपरेप्रमाणं प्रथम पार झाला, कोणताही अडथळा आला नाही, पोळा संपन्न झाला. सगळ्यांना पटलं. घनश्यामनंही अंगठ्यांच्या खाली सही केली. आपला मान राहिला असं त्याला वाटलं. टिकारामनं ठरावाचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला.

एका ग्रुपवर चंद्रकुमार होता.

"पोळा संपन्न," त्यानं मोबाइल पुढं करत वाचून दाखवलं. घनश्याम चढाच्या तोंडाशी चपला हातात घेऊन उभा होता. "ट्रक पार झाला म्हनते. अडथळा नाही म्हनते. मंग पार झालेला ट्रक कामावर काहून नाही?"

"थो तोरनाखाली आहे, साहेब."

"इथं तं पार लिहिलं आहे. सही तुमचीच ना?"

"माहीच."

"मंग खाडा झाला." चंद्रकुमारला खरोखर वाईट वाटलं. "पोळा चालू असता तं मी नंबर ठेवला असता. सुट्टी म्हनजे सुट्टी."

घरी येऊन घनश्यामनं रुखमिणीला सांगितलं. ती बराच वेळ चूल फुंकत राहिली, पेटलेली असूनही.

"कधीपासून बोलावलं भुपेंद्रनं?" तिनं विचारलं.

"उद्यापासून."

ती उठली. भाजलेल्या हातानं डबा घासायला घेतला.

बाराचाकीला काही आवाज नव्हता. भुपेंद्र शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसला होता. "क्लच सरकं दाबा, जिजाजी. कंपनीचा आहे." गाडी आखराजवळून गेली. जुन्या ट्रकाच्या कॅबिनमध्ये भय्याजी बसले होते, काचेवर मखमलीची झूल, दोन्ही दारांना पळसाचे ताजे मेढे. त्यांनी या बाजूला बघितलं नाही. पोळ्याच्या दिवशी ते दुसऱ्याच्या बैलाकडं बघत नाहीत.

चढ एका दमात गेला. वर पोचल्यावर घनश्यामचा डोळा सवयीनं काट्यावर गेला, मग आरशात. मागं धूर नव्हता. मागं काहीच नव्हतं.

त्या आठवड्यात भय्याजींनी कॅबिनमधूनच घनश्यामच्या नावानं एक अर्ज सांगितला. घनश्यामनं तो स्टेअरिंगवर ठेवून लिहिला, रुखमिणीनं बॅटरी धरली.

प्रति, मा. जिल्हाधिकारी साहेब, भंडारा.
विषय: पोळा चालू ठेवणेबाबत.

महोदय, वरील विषयान्वये विनंती की, आमचा मानाचा ट्रक तोरणाखाली उभा असून पार झालेला नाही. गावचा ठराव खोटा असून त्यावर माझीही सही आहे. सबब, सदर ट्रक स्वतःच्या ताकदीने तोरण ओलांडेपर्यंत आमच्या गावी पोळ्याची अमावास्या चालूच असल्याचे घोषित करण्यात यावे, तोपर्यंत उगवलेले दिवस कोणत्याही खाड्यात धरू नयेत, आणि सदर कालावधीत मी दुसऱ्याची गाडी चालवल्याचे कोठेही आढळल्यास ते घडलेले नाही असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती.